शील्डवरचा पापुद्रा

प्रिय होऊ घातलेल्या डॉक्टर,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे फाडून टाकावं असंच तुला पहिल्यांदा वाटेल. फाडू नकोस. आत कागदाशिवाय आणखी काय आहे ते तुझ्या बोटांना एव्हाना लागलं असेल, आणि न बघताही ते काय आहे हे तुला कळलं असेल. त्याच्याबद्दल शेवटी बोलतो. आधी मला जे बोलायचंय ते बोलून घेतो. फोन केला असता, पण फोनवर मी ओरडतो, तू गप्प बसतेस, तू गप्प बसलीस की मला आणखी चेव येतो आणि मग शेजारचे भिंतीवर ठोकायला लागतात. कागदावर ओरडलं तर निदान शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही.

धाकटी बरी आहे. डोळे उघडतात आता, पण पडदा जरा सरकवला की अजून घळाघळा पाणी येतं. चेहऱ्याचं तर विचारूच नकोस. कपाळ, नाक, गाल, सगळीकडून कातडी सुटतेय, उकडलेल्या बटाट्याची सुटते तशी. आई तिच्या उशाशी बसलेली असते आणि सुटलेल्या प्रत्येक तुकड्यासरशी तुमच्या अख्ख्या खात्याचा उद्धार करते. मी तिला म्हटलं, आई, एवढी शक्ती वाया घालवू नकोस, त्या लोकांना शिव्या कळायला आधी त्यांचा गोषवारा लिहून द्यावा लागतो. तुमच्या सरांनी या सगळ्याला काय नाव दिलंय ते तुला माहीतच आहे. निष्काळजीपणा. माझी बहीण निष्काळजी! जी मुलगी घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना हे बघायला जिन्यावरून परत येते, ती. आता शुक्रवारी कॉलेजची समिती बसणार, आणि समितीपुढे प्रश्न एकच आहे: त्या खोलीत चेहऱ्यावर घालायचं शील्ड होतं की नव्हतं? सर म्हणणार, होतं. होतं म्हटलं की ते न घालणारी पोरगी दोषी, आणि दोषी पोरीला लॅबमध्ये जागा नाही. म्हणजे धाकटी बाहेर. आमच्या घरातला एक जण त्यांनी आधीच बाहेर बसवलाय. आता जोडी पूर्ण करायची असेल. आणि त्या दुपारी त्या खोलीत येत-जात असलेलं दुसरं माणूस कोण? तू. समिती तुलाच विचारणार आहे.

तुम्ही लोक तिथे जे करता ते एकदा साध्या भाषेत ऐक, कारण तुमच्या भाषेत ते फार भारदस्त वाटतं. एक डबा आहे. त्याच्या पोटात अतिनील किरणांचे दिवे आहेत आणि वर काच. काचेवर तुम्ही जेलचा एक लिबलिबीत तुकडा ठेवता, खालून प्रकाश येतो आणि त्या तुकड्यातल्या डीएनएच्या पट्ट्या नारिंगी चमकायला लागतात. मग तुम्ही नाक टेकेपर्यंत वाकता आणि हवी ती पट्टी ब्लेडने कापून काढता. दुपारभर. उन्हातला जो भाग माणसाला भाजून काढतो तोच हा प्रकाश, फक्त तुम्ही तो वीतभर अंतरावरून तोंडावर घेता. डोळ्यांना तो धड दिसत नाही आणि कातडीला त्या वेळी काही लागत नाही, म्हणून तो नाहीच, असं तुमचं शास्त्र. त्या डब्याला झाकण होतं. तो प्रकाश अडवण्यासाठीच ते बनवलेलं होतं. पण झाकण लावलं की ब्लेड आत घालता येत नाही, म्हणून ते कोणीतरी कधीतरी उपटून काढलं आणि आता त्याच्यावरून चहाचे कप फिरतात. आमची धाकटी तर त्याला ट्रेच समजत होती. ताई, तो जाड ट्रे घेऊन जाऊ का, असं तिने तुलाच विचारलं होतं म्हणे. तू काय सांगितलंस? घेऊन जा म्हणालीस. दोन साखरेचे, एक बिनसाखरेचा.

आणि तो सरांचा उजवा हात! तोच, तू खोलीत आलीस की ज्याला आपल्या केसांची आठवण होते. त्याची तर रीतच निराळी. तो डोळे किलकिले करतो. डोळे अर्धे मिटले की किरणांचा अर्धा भार कमी होतो, असा काहीतरी त्याचा हिशेब असावा. मी तुमच्या लॅबमध्ये होतो तेव्हा मला म्हणायचा, अरे, सवय झाली की काही होत नाही. सवय! सूर्य काय ओळखीचा माणूस बघून चटका जरा कमी देतो का? त्यानेच धाकटीला सांगितलं, तुला चष्मा आहे ना, मग झालं की. झालं की! दिवा खाली, चष्मा वर, आणि दोघांच्या मधे तिचा उघडा चेहरा. प्रकाशाने काय चष्म्याच्या दारात उभं राहून आत येऊ का म्हणून विचारायचं होतं? तो खालून शिरला, बाजूने शिरला, जिथे फट मिळाली तिथून शिरला. संध्याकाळी पोरगी घरी आली तेव्हा ठीक होती. जेवायला बसली आणि ताटाकडे बघून म्हणाली, दादा, कोणी डोळ्यांत तिखट उडवलं का रे? मी हातातला घास खाली ठेवला. मला ते वाक्य ओळखीचं होतं.

आता शील्डकडे वळतो. होतं ना. कोण नाही म्हणतंय? सरांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात, ढाली आणि चषकांच्या शेजारी, एक उत्तम प्रतीचं शील्ड आहे. हनुवटीच्या खालपर्यंत येणारं, कानापर्यंत वळणारं. कपाटाला कुलूप, कुलपाला एकच किल्ली, आणि ती सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी. आणि त्या शील्डवर, डॉक्टर, दुकानातून आलं तेव्हा होता तो प्लॅस्टिकचा दुधी पापुद्रा अजून आहे. आतून आणि बाहेरून. सर तो कोणालाही काढू देत नाहीत. ओरखडे पडतील, म्हणतात. बाहेरचे लोक येतात, त्यांच्यासमोर ओरखडे पडलेली वस्तू बरी दिसेल का? त्यांच्या गाडीत मी एकदा बसलो होतो. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. खाली टेकलं की करकर वाजतं आणि उठलं की पँट सीटला चिकटून बसते. तीच बुद्धी त्यांनी लॅबमध्ये आणली. फरक इतकाच की सीटवर प्लॅस्टिक ठेवून बसता तरी येतं. पापुद्र्यासकट शील्ड घालून समोरची भिंतही दिसत नाही, मग ब्लेड कुठे चालवायचं? म्हणून कोणी ते मागतही नाही. मागणाऱ्याकडे सर असे बघतात, की याला काम करायचंय की नुसतं मिरवायचंय.

तुमच्या व्हरांड्यातला तो फोटो अजून आहे ना? सर कोट घालून, हातमोजे घालून, शील्ड घालून डब्याशेजारी उभे, आणि खाली लिहिलंय, सुरक्षित प्रयोगशाळा. त्या फोटोत सरांचा चेहरा बघ कधीतरी. दिसत नाही. सायीखाली कोणीतरी बसून हसतंय असं वाटतं. इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर आहे, त्याच्याखालून रोज इतके विद्वान जातात, पण एकालाही प्रश्न पडला नाही की बुवा, या माणसाला यातून दिसतंय कसं? आणि त्या पापुद्र्यावर चक्क छापलेलं आहे, वापरण्यापूर्वी काढा. कोपऱ्याकोपऱ्यात छापलंय. अख्ख्या खात्याच्या नावापुढे डॉक्टर लागलंय, परदेशातले निबंध तुम्ही ओळन् ओळ वाचता, आणि डोळ्यांसमोर टांगलेलं दोन शब्दांचं वाक्य कोणाच्याने वाचवत नाही. शील्डचं कातडं शाबूत आहे. आमच्या धाकटीचं निघालं. कोणी कोणाला जपायचं, ते तुमच्याकडे उलटं ठरलेलं दिसतं.

मी कुठे काम करतो ते धाकटीने सांगितलंच असेल. बाटल्यांच्या बुचांवर छापतो. शाई ओली असते, पट्ट्यावरून बूच पुढे सरकतं, अतिनील दिव्याखालून जातं आणि बाहेर येईपर्यंत शाई वाळते. म्हणजे बघ, दिवा तोच. फक्त आमच्याकडे पीएचडी कोणाला नाही. सुपरवायझरला आम्ही गोरेसाहेब म्हणतो, कारण हा माणूस पन्नाशीला आला तरी रोज सकाळी तोंडाला क्रीम चोपडून येतो आणि उन्हात छत्रीशिवाय पाऊल टाकत नाही. त्याला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. मायक्रोवेव्हमध्येही हाच दिवा असतो अशी त्याची समजूत आहे आणि ती तो छातीठोकपणे सांगतो. त्याला भीती एकच, की या दिव्याने माणूस काळा होतो. एवढ्या एका मूर्ख भीतीपायी तो रोज दारात उभा राहतो आणि आम्ही आत जाताना शाळेतल्या मास्तरासारखा एकेकाचे हात तपासतो. हातमोजा कुठे संपतो, बाही कुठे सुरू होते. मधे बोटभर कातडी दिसली की चिकटपट्टी गुंडाळतो आणि वर कान पिळतो. गळ्याशी कापड, तोंडावर शील्ड, आणि शील्ड खरवडलेलं असलं तर लगेच नवीन, कारण अंधुक दिसलं की माणूस ते वर करतो हे त्याला ठाऊक आहे. पूर्वी तो स्वतःच वर करायचा. मला म्हणतो, अरे काळ्या, आणखी काळा झालास तर कोण पोरगी बघेल तुझ्याकडे? मी म्हटलं, साहेब, जिने बघायचं तिचं बघून झालंय, तिला नाही आवडलं. त्यावर तो म्हणाला, मग तर जास्तच काळजी घे. असा हा माणूस. त्याच्याबद्दल मला काडीचा आदर नाही. पण एवढं खरं की या मूर्खाच्या हाताखाली माझी मनगटं धड आहेत, आणि तुमच्या त्या विद्वानाच्या हाताखाली तुझी नाहीत.

मनगटं. पहिल्यांदा दिसलं ते तिथेच, आठवतं? तुझ्या दोन्ही मनगटांभोवती लालसर कडं होतं, हातमोजा संपून कोटाची बाही सुरू होते बरोब्बर तिथे. मी वेड्यासारखा किती दिवस त्याला बांगडीचा वळ समजत होतो. तू बांगड्या घालत नाहीस हे ध्यानात यायला मला इतका वेळ लागला, कारण मी मनगटांकडे बघत असताना विचार दुसराच करत असायचो. एक दिवस हातमोज्यात हवा भरून तू त्याचा कोंबडा केलास, त्याला पेनाने डोळे काढलेस आणि माझ्या पाठीवर चिकटवलास. मी तो तसाच घेऊन गावभर फिरलो. तो कोंबडा अजून माझ्या खोलीत खिळ्याला आहे. हवा केव्हाच गेली. नुसता पाच बोटांचा एक निळा लोंबता हात आहे आणि त्याला दोन डोळे. धाकटी म्हणते, दादा, टाकून दे, भीती वाटते. मी तिला सांगितलं, दुसऱ्याच्या कामात आपण नाक खुपसू नये.

मागच्या वेळी भाजलेली तू होतीस. त्या संध्याकाळी तूच फोन केलास, म्हणालीस, डोळ्यांत कोणीतरी वाळू ओतलीय. मी तुला डॉक्टरकडे नेलं. तू डोळे घट्ट मिटले होतेस आणि रस्ता ओलांडताना माझी बाही धरली होतीस. हात धरला नाहीस, बाही धरलीस, चिमटीत, एखाद्या अनोळखी माणसाची धरावी तशी. गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एक जण आपल्याला शिवी देऊन गेला, आणि तू विचारत होतीस, आता पायरी आहे का, आता खड्डा आहे का. मी सगळं सांगत होतो. खोटं कशाला बोलू, तुझे डोळे जळत होते आणि मला तो रस्ता संपू नये असं वाटत होतं. या गोष्टीचीही मला आता चीड येते. माझ्या आयुष्यातला चांगला म्हणावा असा एक रस्ता, आणि तोही त्या कपाटातल्या शील्डच्या कृपेने.

मग प्राचार्यांनी तुला सरांच्या खोलीत बोलावलं. मी बाहेर व्हरांड्यात, त्या साय लावलेल्या फोटोखाली. दार अर्धवट उघडं होतं. तू काळा चष्मा लावून बसली होतीस आणि तू म्हणालीस, शील्ड होतं सर, मीच घातलं नाही. कसं म्हणालीस ते! दुकानात पिशवी नको म्हणून सांगावं, तसं. पुढचं सगळ्या कॉलेजला माहीत आहे. मी आत शिरलो, चहाचे कप असलेलं ते झाकण उचललं आणि भिंतीवर मारलं. कप फुटले. झाकण फुटलं नाही. दणकट वस्तू होती. जागेवर लावली असती तर उपयोगी पडली असती. मग माफी माग म्हणाले. मी म्हटलं, शील्डची मागतो, त्याला त्रास झाला असेल. आणि निघालो, ते निघालोच. फाटकापर्यंत तू मागून आलीस. तू म्हणालीस, माझं एवढ्या वर्षांचं काम आहे रे त्या फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये! मी तिथे माझं कॉलेज सोडून चाललो होतो आणि तुला फ्रीज आठवला. लोक विचारतात, पोराने शिक्षण का सोडलं. आई सांगते, तब्येतीमुळे. बाबा सांगतच नाहीत, पेपर वर करतात. तुझ्यासाठी सोडलं असं मी कोणाला सांगत नाही, कारण मग ते विचारतील, ती काय म्हणाली. आणि तू काय म्हणालीस ते मी आत्ताच लिहिलं.

म्हणून रविवारी तू आमच्या दारात उभी राहिलीस तेव्हा मी बाहेर आलो नाही. रागावून नव्हे, म्हणजे राग होताच, पण माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. आतल्या खोलीत, हातात वस्तरा, अर्धी दाढी झालेली, आणि बाहेर तुझा आवाज. तसा बाहेर आलो असतो तर तू हसली असतीस, आणि तू हसलीस की मला काय होतं ते तुलाही माहीत आहे. म्हणून दारामागे उभा राहिलो आणि साबण गालावर वाळून ताठ होईपर्यंत सगळं ऐकलं. आई आधी तुझ्याशी तुटक बोलली. मग तू धाकटीच्या डोळ्यांवरचं ओलं फडकं न विचारता बदललंस, तेव्हा म्हणाली, बस गं, चहा टाकते. तू धाकटीचं मनगट हातात घेतलंस, आणि म्हणालीस, मलाही इथेच झालं होतं. धाकटीने विचारलं, ताई, चेहरा पहिल्यासारखा होतो का? तू म्हणालीस, होतो, माझा बघ. आणि ती वेडी म्हणाली, मला दिसत कुठे आहे? मग तुम्ही दोघी हसलात. माझं घर, माझी बहीण, माझी आई, आणि आतल्या खोलीत चोरासारखा मी. त्यानंतर तू आवाज खाली केलास. मी कान दाराला लावला, पण साबणाचा नुसता पोपडा खाली पडला, ऐकू काही आलं नाही. मग कपबशी वाजली, चपला वाजल्या. तू गेल्यावर आई म्हणाली, एवढी शहाणी पोर, आणि आमच्या ध्यानाला ती टिकवता आली नाही. घ्या. म्हणजे तुमच्या खात्याचा उद्धार एका चहात मिटला आणि राहिलेला माझ्या वाट्याला आला.

आवाज खाली करून तू काय सांगितलंस ते धाकटीने मला नंतर सांगितलं. सर शुक्रवारी सकाळपर्यंत बाहेरगावी, आणि जाताना त्यांनी खिशातली ती किल्ली आयुष्यात पहिल्यांदा काढून तुझ्या हातात दिली. म्हणाले, समितीच्या आधी शील्ड जरा वापरातलं दिसू दे, तो वरचा कागद काढून टाक, दोनचार ओरखडे पाड. ओरखडे पाड! ओरखड्यांच्या भीतीने ज्या माणसाने तुझे डोळे जाळले, माझ्या बहिणीचं तोंड जाळलं, तो आता ओरखडे मागतोय, आणि तेही तुझ्या नखांनी. आणि तू ती किल्ली धाकटीच्या मुठीत ठेवलीस आणि म्हणालीस, तुझ्याकडे राहू दे, माझ्याकडे राहिली तर मी तो कागद काढेन गं. हे ऐकलं आणि अर्ध्या दाढीनिशी मी बूट घातले. कपाट उघडायचं, शील्ड उचलायचं आणि शुक्रवारी समितीच्या टेबलावर नेऊन आपटायचं. धाकटी डोळ्यांवर फडकं ठेवून पडली होती, तिला नुसते बूट ऐकू आले. म्हणाली, दादा, तू गेलास की सगळे तुझ्याबद्दल बोलतील, शील्डबद्दल कोणी बोलणार नाही. मागच्या वेळी कपांबद्दलच बोलले ना? बूट काढायला मला बराच वेळ लागला. म्हणून हे पत्र. पत्र कसलं, पाकिटात किल्ली वाजू नये म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेला हा कागद आहे. किल्ली माझ्याकडे सापडली तर चोर मी, धाकटीकडे सापडली तर चोर ती. तुझ्या हातात दिली होती, तुझ्याच हातातून फिरू दे. तो पापुद्रा काढू नकोस. शुक्रवारी समिती बसली की सगळ्यांसमोर कपाट उघड, आहे तसं शील्ड टेबलावर ठेव, आणि सरांना एवढंच म्हण की घाला आणि समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. पुढे गप्प बस, ते तुला छान जमतं. या वेळी मी दाराबाहेर नसेन, फाटकाशीही नसेन. कारखान्यात गोरेसाहेबांना मनगटं दाखवत असेन. सगळं उरकलं की मग सोल तो पापुद्रा, आतला आणि बाहेरचा, आणि त्या डब्याचं बटण दाबायच्या आधी ते शील्ड स्वतःच्या तोंडावर चढव. तुझ्या फ्रीजचं काय होईल ते मला माहीत नाही, तुझ्या सरांचं काय होईल याची मला पर्वा नाही. पण डोळे मिटून कोणाची बाही धरायची वेळ तुझ्यावर पुन्हा येऊ नये. धरायचीच असली, तर उघड्या डोळ्यांनी धर.

अजूनही, आणि याचा मला भयंकर राग येतो, तुझाच,
माचिस